चहा गार होईपर्यंत

आत्याने प्रार्थनेला तोंड उघडलं की आई हळूच उठायची आणि आत जाऊन चहाखालचा स्टो बंद करायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आत्याची प्रार्थना किती वेळ चालेल याचा अंदाज आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणालाच नव्हता, पाळकसाहेबांनाही नव्हता.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असायची. जुनी माणसं तिला ‘कॉटेज’ म्हणत, मग ती पत्र्याच्या दोन खणांत भरलेली का असेना. सतरंजी अंथरायची, कंदील पुसून ठेवायचा, येणाऱ्या प्रत्येकाला ‘सलाम’ करायचा. आधी ‘उपासना संगीता’तलं एखादं गीत, बहुतेक वेळा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. मग शास्त्रपाठ, त्यावर पाळकसाहेबांचे चार शब्द, आणि मग ते म्हणत, “कुणीतरी आपल्याला प्रार्थनेत चालवा.” यानंतरची दोन-तीन मिनिटं भयंकर असत. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करावी याची वाट बघतोय. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तरी दचकायला व्हायचं. शेवटी पदर डोक्यावरून ओढून घेत आत्या घसा साफ करायची.

“हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुला सगळं ठाऊक आहे.”

आणि मग ती त्याला सगळं सांगायची. धाकट्या काकाच्या म्हशीपासून पुण्याच्या ससूनमध्ये ठेवलेल्या मावसभावाच्या पायापर्यंत. कोणत्या वॉर्डात ठेवलंय, तिथल्या नर्सबाई कशा खेकसतात, डबा कोण नेतं. देवाला ठाऊक असेल, पण सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांना नसायचं. आमच्या वस्तीत पेपर एक दिवस उशिरा यायचा; आत्याची प्रार्थना वेळेवर व्हायची.

तिच्या प्रार्थनेत बातम्यांबरोबर अग्रलेखही असत. “प्रभो, काही काही घरांत सुना सूर्य डोक्यावर येईपर्यंत उठत नाहीत, त्यांना तू जागृती दे.” सतरंजीवर एक-दोन माना आणखी खाली जायच्या. पुढच्या गुरुवारी त्याच सुनेने आपणहून प्रार्थनेत पुढाकार घेतला आणि स्तोत्रसंहितेतला आधार काढून म्हणाली, “परमेश्वरा, आम्हा सर्वांच्या मुखावर पहारा ठेव, विशेषतः जे वयाने मोठे आहेत त्यांच्या.” त्या दिवशी ‘आमेन’ नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात झालं, असं आई अजून सांगते. घरात समोरासमोर जे भांडण झालं असतं ते देवाला मध्ये घालून, डोळे मिटून, येशूच्या नावाने झालं. नंतर दोघींनी एकाच किटलीतला चहा गाळला.

मला पहिल्यांदा प्रार्थना करायला सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पप्पांनी आधी काही न सांगता जाहीर केलं की आज बाळ प्रार्थना करील. मी सुरुवात झकास केली, कारण आत्याची सुरुवात पाठ होती. आभार मानले, पाऊस मागितला, आजाऱ्यांना बरं केलं. आणि मग लक्षात आलं की थांबायचं कसं हे मला माहीत नाही. “आणखी प्रभो” म्हणून मी एक-एक गोष्ट जोडत गेलो. शाळा, मास्तर, गावातली कुत्री, रॉकेल. कानशिलं तापली. “आणखी प्रभो” पाचव्यांदा की सहाव्यांदा आलं तेव्हा पाळकसाहेबांनी खणखणीत आवाजात “आमेन” म्हणून मला बाहेर काढलं. त्यांचा तो ‘आमेन’ मला अजून ऐकू येतो.

हा सगळा प्रकार आमच्याकडे आला बॉस्टनहून. नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. हे मिशनरी बॉस्टनच्या संस्थेने पाठवलेले, काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी भांडलेल्या प्युरिटन लोकांचे वारस. भांडणाचं एक मोठं कारण होतं छापील प्रार्थना. १५४९ मध्ये आर्चबिशप क्रॅनमरने इंग्रजीतलं प्रार्थनापुस्तक तयार केलं, १६६२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती सगळ्यांवर बंधनकारक झाली, आणि ती न मानणारे सुमारे दोन हजार पाळक चर्चबाहेर पडले. पुस्तकातून वाचलेली प्रार्थना ती कसली प्रार्थना, हा त्यांचा सवाल. अंतःकरणातून, आत्मा सुचवील तशी करावी.

पुढे नगर जिल्ह्यात इंग्लंडच्या चर्चचं एस.पी.जी. मिशनही आलं, आपलं पुस्तक घेऊन. लंडनमधलं भांडण अशा रीतीने प्रवरेच्या काठी पोचलं. आमची माणसं म्हणायची, “ते एस.पी.जी.वाले पुस्तकात बघून प्रार्थना करतात, आपल्या बापाशी बोलायला कागद लागतो होय?” त्यांची माणसं म्हणायची, “तुमच्यात ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलतो.” दोन्ही आरोप खरे होते. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि दोन्ही घराणी एका छताखाली आली. तेव्हापासून आमच्या उपासनेत पुस्तकातली प्रार्थनाही असते आणि मोकळीही. बाकी सोयरिकी ठरवताना म्हातारी माणसं ‘मूळचे कुठले’ हे अजून विचारतातच.

कॉलेजात गेलो आणि मला मोकळ्या प्रार्थनेची चटक लागली. तरुण संघात नाव झालं. “काय प्रार्थना करतो हा!” असं कुणी म्हटलं की आतून गुदगुल्या व्हायच्या. मी स्तोत्रांमधली वाक्यं हेरून ठेवू लागलो, कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे थांबायचं याचा हिशेब करू लागलो. डोळे मिटलेले, पण कान सगळे समोरच्यांकडे. कुठे हुंकार आला, कुठे कुणी नाक ओढलं. नाटकवाल्यांना कळेल हे. मित्राचे वडील गेले तेव्हा दफनभूमीत मला प्रार्थना करायला सांगितलं आणि मी माझ्या हातखंड्यांपैकी उत्तम ते सगळं काढलं. गवतासारखं माणसाचं आयुष्य, रानातलं फूल, वाऱ्याची झुळूक. लोक नंतर हात दाबून गेले. मित्राची आई मात्र म्हणाली, “छान बोललास रे. पण यांचं नाव नाही घेतलंस.”

खरंच नव्हतं घेतलं. त्यानंतर किती तरी वर्षं मी कुठल्याही सभेत तोंड उघडलं नाही.

त्या वर्षांत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मला चांगलाच सोयीचा पडला. ढोंग्यांना सभास्थानांत आणि चवाठ्यांवर उभं राहून प्रार्थना करायला आवडतं, म्हणजे लोकांना दिसावं. तू मात्र आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तात असलेल्या तुझ्या पित्याची प्रार्थना कर. येशूचं इतकं स्पष्ट वाक्य असताना आपण ही गुरुवारची सभा भरवतोच कशाला? मार्काच्या बाराव्या अध्यायात तर विधवांची घरं गिळून वर देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा समाचार आहे. आत्या स्वतःच विधवा, तिने कुणाचं घर गिळलं नव्हतं, पण ‘लांबलचक’ हा शब्द मी तिच्यासाठी राखून ठेवला होता. मी घरच्या घरी, दार लावून, शहाण्यासारखी प्रार्थना करत होतो. म्हणजे करायचं ठरवत होतो. दार लावून बसलं की मला झोप येते.

पण तोच अध्याय पुढे वाचला की अडचण सुरू होते. दार लाव म्हटल्यानंतर लगेच येशू जी प्रार्थना शिकवतो, तिच्यात ‘मी’ कुठेच नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इथून ती सुरू होते आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं म्हणते. बंद खोलीत एकटा बसलेला माणूस ‘आम्हांला’ म्हणतोय. कुणाला? माझ्या मराठी बायबलात तिथे ‘भाकर’ आहे याचं मला लहानपणापासून अप्रूप. इंग्रजी शाळेतली पोरं ‘ब्रेड’ मागत, आम्ही बाजरीची मागायचो. आणि भाकर काही एकट्याची नसते. एका तव्यावर घरातल्या सगळ्यांची भाजली जाते.

नेवाशाचा माणूस म्हटल्यावर इथे पसायदान आठवल्याशिवाय राहत नाही. पैसाच्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झाली आणि शेवटी जे मागितलं ते ‘प्राणिजात’ सगळ्यांसाठी. त्यात ‘मज’ येतो तो मागणाऱ्याचा. मिळायचं ते दुसऱ्यांना. शाळेत आम्ही ख्रिस्ती पोरंही ते म्हणायचो आणि आमच्या मिशनच्या शाळेत हिंदू पोरं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायची. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. आता जरा कमी खात्रीने म्हणतो. हात जोडून ओळीत उभ्या असलेल्या पोराला ‘मला नाही म्हणायचं’ असं म्हणायची सोय होती का, हे मी त्या वेळी कुणाला विचारलं नव्हतं.

न्यूयॉर्क राज्यात शिक्षणखात्याच्या मंडळाने शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली होती. बावीस इंग्रजी शब्दांची. देवावर आम्ही अवलंबून आहोत. आम्हाला, आईवडिलांना, शिक्षकांना, देशाला आशीर्वाद दे. बस्स. येशूचं नाव नाही, मोशेचं नाही, कुणाला टोचेल असं काहीच नाही, आणि ज्याला नको त्याने म्हणू नये अशी मुभा. १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, सरकारने प्रार्थना रचून द्यायची नाही म्हणून. मला त्या बावीस शब्दांची कीव येते. सगळ्यांना चालावी म्हणून घासून घासून इतकी गुळगुळीत केली की तिला धरायला कुठे जागाच उरली नाही. तिच्यात कुणाची म्हैस नाही, कुणाचा ससूनमधला पाय नाही.

मुंबईतल्या एका गावठाणात माझा एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातला, मित्र राहतो. एका मे महिन्यात त्याच्याकडे गेलो असताना संध्याकाळी गल्लीतल्या क्रूसापाशी सगळे जमू लागले. मुंबईच्या गावठाणांमध्ये असे क्रूस जागोजाग दिसतात. त्यांतले बरेच १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभे राहिलेले. मेणबत्त्या लावल्या, झेंडूची माळ घातली आणि जपमाळ सुरू झाली. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली सगळ्यांनी पुरी करायची. दहा झाल्या की दुसऱ्याने पुढे व्हायचं. एक निवृत्त मुख्याध्यापिका झाल्या, मग दहा-बारा वर्षांची एक पोरगी, मग एक काका, ज्यांनी संध्याकाळची घेऊन झाली होती हे वाऱ्यावरून कळत होतं. शब्द तेच. पोरीने म्हटले म्हणून गोड झाले नाहीत आणि काकांनी म्हटले म्हणून बाटले नाहीत. मागून जाणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, दोन बायकांनी खुर्च्या सरकवल्या, ‘आम्हांसाठी विनंती कर’ हा पालुपदाचा सूर तसाच चालू राहिला. शेवटी उकडलेले चणे वाटले.

मी चणे खाता खाता मित्राला म्हटलं, “तुमच्यात बरं आहे, कुणाला छान प्रार्थना करता येत नाही.” त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मी हेवा करत होतो.

पण घरी येताना गाडीत मला आत्याच आठवत होती. क्रूसापाशी ती काय करणार? दहा वेळा तेच म्हणेल, अकराव्या वेळी म्हशीचं काढील.

आमच्या पणजोबांबद्दल घरात एकच गोष्ट सांगतात. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी बाटले, असं गाव म्हणायचं. दुष्काळात पोटाखेरीज दुसरं काय आठवतं, हे गावाने सांगावं. त्याआधी ते गावच्या देवळाच्या पायरीलाही शिवू शकत नव्हते. देवाशी बोलायचं तर दुरून, दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही कुणी मनावर घेतलं तर. मिशनच्या शाळेत रविवारी उपासना भरायची. तिथे एकदा अमेरिकन साहेबाने त्यांना प्रार्थना करायला उभं केलं. पणजोबा उभे राहिले ते बसेचनात. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. साहेबाने खिशातून घड्याळ काढलं. तेव्हा पणजोबा म्हणाले, “आणि प्रभो, साहेबांना घाई आहे, त्यांना तू क्षमा कर,” आणि पुढे चालू झाले. डोळे मिटलेले असताना त्यांना घड्याळ दिसलं कसं, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

लहानपणी मी या गोष्टीवर पोट धरून हसायचो. लांबलचक प्रार्थना हा आमचा घराण्याचाच रोग, असं म्हणायचो. चाळिशी उलटल्यावर कधीतरी, काही कारण नसताना, ती गोष्ट उलटी वाचता आली. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत उभा होता. खाली मान घालून नाही, कमरेत वाकून नाही, ‘जोहार मायबाप’ म्हणत नाही. समोर पाटलाच्या जागी साहेब बसलेला, तोही डोळे मिटून गप्प. आणि हा थेट विश्वाच्या मालकाशी बोलतोय, मराठीत, स्वतःच्या घरातल्या मराठीत, आणि बाकीच्यांचं काम एवढंच की शेवटी ‘आमेन’ म्हणायचं. असा मजला चढलेला माणूस पाऊण तासात खाली उतरेल कशाला?

‘आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे.’ पणजोबांच्या घराला खोली नव्हती. एक झोपडं, त्यात सात माणसं आणि दोन शेरडं. दार म्हणजे गोणपाट. ज्या मूळ ग्रीक शब्दाचं भाषांतर आपण ‘खोली’ असं करतो, त्याचा अर्थ कोठीची खोली, धान्य-सामान ठेवायची. गालीलातल्या साध्या घरात कडी लागली तर तेवढ्याच एका जागेला लागत असेल. ज्याची कोठी भरलेली त्याला आडोसा. येशू ज्यांच्याशी बोलत होता त्यांच्यातही बिनकोठीचे कितीतरी असणार. तो स्वतःच एकांत हवा असला की डोंगरावर जायचा, आणि गेथशेमाने बागेत शिष्यांपासून धोंड्याच्या टप्प्याइतका दूर. लाजारच्या कबरीपाशी मात्र तो सगळ्यांच्या देखत मोठ्याने बोलतो आणि वर पित्याला सांगतो की तू माझं नेहमी ऐकतोस हे मला माहीत आहे, पण भोवती उभ्या असलेल्या या लोकांसाठी मी हे बोललो. योहानाच्या अकराव्या अध्यायातलं हे वाक्य कुणी आत्याला दाखवलं असतं तर तिने ते लगेच कामाला लावलं असतं. तुला ठाऊकच आहे प्रभो, पण या बायांना नाही ना.

आणि बायांचं तर वेगळंच. करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल एका जागी म्हणतो, बायकांनी प्रार्थना करताना डोकं झाकावं. म्हणजे त्या सगळ्यांसमोर प्रार्थना करत होत्या. तीन अध्याय पुढे जाऊन म्हणतो, मंडळीत बायकांनी गप्प राहावं. आत्याने पहिली ओळ पाळली आणि दुसरी आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकलं. ती सातवी शिकलेली. ग्रामसभेत ती कधी बोलली नाही, दिराने जमिनीचे कागद केले तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. बोलायला तिच्या हाती आठवड्यातून एक सतरंजी होती आणि तिथे तिला मध्येच कुणी तोडू शकत नव्हतं. प्रार्थना करणाऱ्या माणसाला ‘पुरे’ म्हणता येत नाही, ही आमच्याकडची शेवटची सभ्यता. (पाळकसाहेबांचा तो ‘आमेन’ सोडून.)

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे झालं ते मी याच रांगेत लावतो. दुष्काळातून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या, कुणाचं कुणी नसलेल्या. त्या शेकड्यांनी एकत्र बसून एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणं, ओरडणं, पापांची कबुली, तासन्‌तास. नीटनेटक्या उपासनेची सवय असलेल्यांपैकी अनेकांना तो गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींची बाजू घेतली, आमच्या लोकांना आमच्या रीतीने व्यक्त होऊ द्या म्हणून. स्वतः संस्कृत पंडिता, कोलकात्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं ती बाई. एक-एक शब्द तोलून वापरणारी. तिने तो कल्लोळ थांबवला नाही. मला अशा सभांमध्ये आजही बसवत नाही, पेंटेकॉस्टल मित्राकडे गेलो तर माझं डोकं दुखतं. पण त्या मुलींपैकी कितीजणींना त्याआधी मोठ्याने ओरडायची परवानगी मिळाली असेल, हा विचार आला की मी डोकेदुखीची गोळी घेतो आणि गप्प बसतो.

‘आमेन’चं मात्र मला वयाबरोबर जास्त जास्त वाटू लागलं आहे. इ. स. १५५ च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन नावाच्या माणसाने सम्राटाला लिहिलेल्या कैफियतीत ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात ते सांगितलंय. सगळे उभे राहतात, प्रमुख आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणून संमती देतात. ‘आपल्या कुवतीप्रमाणे’ हे शब्द वाचून मला पाचव्या ‘आणखी प्रभो’पाशी अडकलेला मी दिसलो. पौलाला तर ‘आमेन’ची इतकी काळजी की तो म्हणतो, तू न कळणाऱ्या भाषेत आभार मानलेस तर शेजारी बसलेला अडाणी माणूस त्याला ‘आमेन’ कसं म्हणणार? दफनभूमीतल्या माझ्या प्रार्थनेत हेच चुकलं होतं. मराठी शुद्ध होती, पण मित्राच्या आईला ‘आमेन’ म्हणायला तिच्यात जागा नव्हती.

आता मी पुण्यात असतो. आत्या पंच्याऐंशी उलटून गेली, आमच्याकडेच असते, कान जवळजवळ गेलेले. महिन्यातून एकदा आमच्या फ्लॅटवर प्रार्थना असते, दहा-बारा माणसं. गेल्या काही वर्षांत आम्ही ती सुरू करण्याआधी खिडक्या लावून घेतो. कुणी ठरवलं असं नाही, एकाने एकदा लावली आणि मग ती रीत पडली. गीतही हळू आवाजात, बाजाची पेटी पलंगाखालीच राहते. घरात प्रार्थना करणाऱ्यांवर कुठे काय होतं याच्या बातम्या सगळ्यांच्या फोनवर येतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी, वाईट नाहीत ते, एकदा जिन्यात थांबवून विचारलं होतं की तुमच्याकडे नेमकं काय चालतं, बाहेरची माणसं येतात का. मी म्हटलं, नातेवाईक येतात. ते खरंही होतं. मत्तय सहा सहा आमच्याकडून असं पाळून घेतलं जाईल हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दानीएलाने राजाची बंदी असताना यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीन वेळा प्रार्थना केली, हा पाठ आमच्या सभेत मधूनमधून वाचला जातो. खिडक्या लावून.

मागच्या महिन्यात उकाडा होता. पंखा गरगरतोय, घाम चालूच. पाठ झाला, चार शब्द झाले, कुणी काही म्हणेना, आणि आत्याने घसा साफ केला. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती मोठा आहे हे तिला कळत नाही. माझी बायको माझ्याकडे बघायला लागली, मी खिडकीकडे. काचेने काय अडणार होतं? आत्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना घेतलं. तिची पुतवंडं, त्यांची पोरं, कॅनडातला व्हिसा, वॉचमनच्या बायकोची तिसरी खेप. मग म्हणाली, “आणि प्रभो, वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ, त्यांच्या आईचे गुडघे फार दुखतात, तिला रात्रीची झोप नाही, म्हातारीला तू हात लाव. पोराला तिच्यापाशी बसायला सवड होत नाही, त्याला तू सवड दे.” मी डोळे घट्ट मिटून घेतले. आमेन सगळ्यांनी म्हटलं, मी जरा उशिरा. चहा अर्थातच गार झाला होता, पुन्हा गरम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये ते गृहस्थ भेटले. दोन मजले गप्प. मग माझ्याकडे न बघता, आकड्यांकडे बघत म्हणाले, “तुमच्या त्या आजी आहेत ना... आईच्या गुडघ्यांचं त्यांना कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, “भाजीवाल्या मावशींनी असेल.”